तिरपा

अकरा वर्षं मी कालामात पाऊस विकतोय.
वीस सेंटिमीटरचा, तिसाचा, गोल, चौकोनी,
छतात बसणारा, भिंतीतून हात काढून उभा राहणारा,
क्रोमचा, काळा, आणि हल्ली जो तो मागतो तो पितळी.
खरा म्हणाल तर मी दोनदाच पाहिलाय.
दुसऱ्यांदा आला तेव्हा आमच्या छपराला त्याची सवयच नव्हती,
आई पातेली मांडत गेली, पातेली संपली,
मग तिनं माझे बूटही मांडले.

मंगळवारी दुपारी, दुकानात माशीसुद्धा नसताना,
एर्सिलिया कात्रिलेफ आल्या.
दक्षिणेच्या, वाल्दिवियाच्या.
मुलगा तांब्याच्या खाणीत लागला
म्हणून आता इथे, वाळवंटात, चौथ्या मजल्यावर.

मी नेहमीचं सुरू केलं:
प्रेशर किती येतं? टाकी गच्चीवर का? गीझर गॅसचा?
मिनिटाला नऊ लिटर, बाई, त्याहून जास्त नको,
आणि छिद्रं सिलिकॉनचीच घ्या,
इथलं पाणी जड, दोन महिन्यांत चुना धरतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
मग विचारलं, यातला तिरपा कुठला पडतो?

तिरपा?

हो. आमच्याकडे सरळ पडत नाही.
वारा त्याला बखोटीला धरून आणतो.
छत्री असते ती आपली लोकलाजेस्तव.
माणूस भिजतो तो गुडघ्यापासून वर.

पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला
हातभर पत्रा काढला. जस्ताचा, नागमोडी,
जुन्या घराच्या छपरातून कापून आणलेला.
यावर वाजवून दाखवा, म्हणाल्या.

आता आमचे शोरूममधले शॉवर सगळे कोरडे.
भिंतीवर एकोणीस तोंडं,
एकाच्याही मागे नळ नाही.
मालक, दोन एवारिस्तो, जेवून लवंडले होते.
मी मागच्या अंगणात होज ओढला,
शिडीला एकेक शॉवर तारेनं बांधला
आणि खाली पत्रा.

पहिला इटालियन, तिसाचा.
तांदूळ सांडावेत तसा पडला, एकसारखा.
त्या म्हणाल्या, हा शाळेत गेलेला पाऊस आहे.
दुसऱ्याला म्हणाल्या, याला कुठेतरी पोचायचंय.
तिसरा अगदी बारीक, महागातला.
हे धुकं झालं. धुकं मला फुकट मिळायचं.

मग माझी नजर कोपऱ्यातल्या फुटक्या खोक्यावर गेली.
कुणीतरी दोन वर्षं वापरून, भांडून परत केलेला,
अर्धी छिद्रं चुन्यानं बुजलेली.
भंगारात जायचा होता.
काय वाटलं कोण जाणे, तोही बांधला.

काही छिद्रं गप्पच राहिली.
काहींनी डावीकडे चिळकांड्या टाकल्या,
एकीनं नेमकी माझ्या डोळ्यात.
आणि पत्रा बोलायला लागला:
धाडधाड, मग एकदम काही नाही,
मग एका कडेला कुजबूज,
जशी शेजारच्या खोलीत माणसं
आपल्याविषयीच बोलतायत.

त्या हलल्या नाहीत.
मोजे भिजले, परकराची कड भिजली,
त्या मान किंचित कलती करून
पत्र्याकडे नाही, भिंतीकडे बघत राहिल्या.
नऊ लिटर गेले. आणखी नऊ.
पुढचं मी मोजलं नाही.

याचं किती?
याची किंमत कुठे लिहिलेलीच नव्हती.
दोन हजार पेसो, म्हटलं मी, तोंडाला येईल ते.
त्यांनी पाच ठेवले, पावती नको म्हणाल्या.

दारापर्यंत सोडताना सवयीनं तोंडातून गेलं,
महिन्यातून एकदा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा,
चुना सगळा...
त्यांनी असं पाहिलं
की मी उरलेलं वाक्य गिळलं.

दोन एवारिस्तो डोळे चोळत उठले.
अंगण ओलं का रे?
पाऊस पडला, म्हटलं.
हसले. मग उगाचच वर पाहिलं,
निळं, कोरडं, नेहमीचं.
आणि मग खाली,
माझ्या पँटकडे,
गुडघ्यापर्यंत भिजलेल्या.