थोरली

यंदा लक्ष्मीपूजन शुक्रवारी आलं.
लाह्या-बत्ताशे वाटून झाले,
नवी केरसुणी कुंकू लावून भिंतीशी उभी राहिली,
प्रयागची पोरं फुलबाज्यांच्या तारा उशाशी घेऊन झोपली.
आता उजाडायच्या आधी एकच काम उरलं,
ते आमच्याकडं थोरलीनं करायचं.
थोरली मी.

जुनी केरसुणी झिजून मुठीएवढी झालेली.
गेल्या अवसेला हिलाही पुजलं होतं,
मुठीपाशी डाग आहे अजून.
देवघराच्या कोपऱ्यातून झाडत निघायचं,
मीटरच्या पेटीखालून, फ्रिजमागून,
सोयाबीनचं भुसकट, काजळी, फटाक्यांचे कागद,
सगळं तळ गेलेल्या दुरडीत.
मागून प्रयाग फुटकं सूप लाटण्यानं बडवत येणार,
इडा जाव, पिडा जाव,
आणि उंबऱ्याशी थांबणार.
पुढं मी एकटी.
बोलायचं नाही.
कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही.
वेशीबाहेर, पिंपळाखाली दुरडी उलटी करायची,
कणकेचा दिवा दक्षिणेला तोंड करून ठेवायचा
आणि परतताना
मागं बघायचं नाही.

आई सांगायची,
समिंदर घुसळला तवा आधी हीच निघाली.
तांबडे डोळे, राठ केस, अंगाला इखाचा वास.
देव म्हणले, ही नको.
मग निघाली धाकटी, तर लागली रांग.
धाकटी म्हणली, थोरलीला उजवल्याबिगर मी न्हाई.
मग दिली एका ऋषीला.
त्याच्या घरी रोजचा धूर, रोजचे मंत्र,
हिचं डोस्कं उठायचं.
पिंपळाखाली बसवून म्हणला,
बस हितं, जागा बघून येतो.
अजून बघलालाय.
शनवारी तेवढी धाकटी येऊन जाती.

मी विचारलं होतं,
मग भादव्यात जेष्ठा म्हणून मखरात बसवतो, ती कोण?
सोळा भाज्या, पुरणपोळी, नवं लुगडं,
आणि दोन महिन्यांत सूप बडवून भाईर?
आई म्हणली, गप झाड.

माझा नवरा भोसरीला खोली बघायला गेला
ती एकोणीस वर्षांमागची गोष्ट.
निलंग्याच्या स्टँडवर मला ट्रंकेवर बसवून.
औरादची शेवटची गाडी निघाली,
कंडक्टरनं दोनदा विचारलं, बाई, यायचंय का?

तर पहाटे पिंपळाखाली
साऱ्या गावाच्या केरसुण्यांचा ढीग.
मी दुरडी उलटी केली, दिवा ठेवला, वळले,
दहा पावलं आले असेन,
मागून काडी मोडल्याचा आवाज.
मग काड्या निवडल्याचा, नीट, सवयीच्या हातानं.

मी बघितलं.

ढिगाशी एक बाई उकिडवी बसलेली.
केस मोकळे. दिव्याचा उजेड तिच्यातून पलीकडं जात होता
की अलीकडं अडत होता, सांगता येत नाही.
ती धड शिंदीच्या काड्या वेगळ्या काढत होती,
चाळीस घरांच्या मोडक्यातून एक केरसुणी बांधत होती.
वर न बघता म्हणाली,
कामून उभारलीस? धर हे टोक.

मी धरलं.
हात गार होते तिचे, विहिरीतल्या कळशीसारखे.
तिनं दोरीचा पीळ दातांनी आवळला.
किती वेळ गेला ठाऊक नाही,
तुरीच्या रानावर पांढुरकं दिसायला लागलं.
तेवढ्यात गावाकडून बॅटरीचा उजेड
हलत हलत,
आणि हाक. नेम मोडून, गाव जागं होईल अशी:
केवळे, ए केवळे!

मी ओ दिली.

प्रयाग, अनवाणी, धापा टाकत.
ढिगाकडं तिनं बघितलंच नाही,
किंवा बघितलं आणि बोलली नाही.
माझ्या हातातल्या केरसुणीकडं मात्र बघत राहिली.
शनिवार उजाडला होता.
म्हणाली, ऊठ, पाणी निवलालंय,
पोळ्याबी लाटायच्यात.
आणि बघितलं तर लाटणं
तिच्याच हातात होतं.