इंजिनाचे पर

लिलाव उरकतो, बर्फाचा चुरा विरतो,
मग साडेअकराच्या उन्हात भाऊचा धक्का आमचा.
खवले, आतडी, कोळंबीच्या मिशा, डिझेलचे डाग.
दोनशे बारचा फवारा मारायचा आणि फरशी
पुन्हा फरशीसारखी दिसेपर्यंत हटायचं नाही.

नळी माझ्या हातात.
तिला जोर देणारं इंजिन चार हात लांब,
एक सिलिंडर, हवेवर गार होणारं.
गार होणं म्हणजे काय,
तर चटका बसतो तो कालच्यापेक्षा थोडा कमी.
त्याच्या अंगभर पातळ पट्ट्या, एकीखाली एक.
टिमोथी त्यांना पर म्हणतो, मासळीचे असतात तसे.
त्या परांतून वारा जायला हवा.
जातात बांगड्याचे खवले, मीठ, ग्रीस,
आणि आठवड्याभरात इंजिनावर गोधडी.
दर शनिवारी मी जुन्या टूथब्रशनं
ते सगळे पर घासतो.
बायको म्हणते, पोरांचे दात कधी घासले नाहीत.

मे महिन्यात त्याचा पिस्टन दोनदा धरला.
नेरूरकर कंत्राटदार म्हणाले, जा दारूखान्यात,
पाण्यावर गार होणारं मिळतंय का बघ.

इस्माईल पांगारकरांच्या गाळ्यात होतं एक,
तोडलेल्या जहाजाच्या लाइफबोटीतलं,
तीन सिलिंडर, रेडिएटर दुसऱ्या कुणाचा तरी.
त्यांनी चालू केलं.
मला वाटलं, झालंच नाही चालू.
त्याच्या शेजारी उभा राहून
मी माझ्याच आवाजात बोललो,
अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"चांगलं कुठलं, चाचा?"
त्यांनी चहा बशीत ओतला.
"उभं कुठं करणार?"
धक्क्यावर.
"वारा?"
भरपूर. पण खारा.
"उचलणार किती जण?"
मी आणि टिमोथी.
"पाणी?"
टँकरचं. फवाऱ्यालाच पुरत नाही.

बशीवर फुंकर घालत ते म्हणाले,
"हवेवालं भांडखोर. तापलं की बोंबलतं,
वास मारतं, चारचौघांत बसकण मारतं.
कळतं तरी.
हे पाण्यावालं सोशिक.
होजला केसाएवढी चीर पडेल,
थेंब थेंब जात राहील,
कपाळाला आठी नाही.
सांगतं तेव्हा हेड वाकलेलं असतं."

मला माझा थोरला आठवला.
वडाळा डेपोच्या कॅन्टीनमध्ये,
डबा अर्धा खाल्लेला.

घेतलं तेच. शेवटी नेरूरकरांचा पैसा.
हातगाडी लागली आणि चार माणसं,
टिमोथीचा अंगठा चेमटला.
पण तीन आठवडे आम्हाला घारी ऐकू आल्या,
दोरखंडांचं करकरणं,
आणि जोहराबाई तांडेल पाठीमागं
आमच्याबद्दल नेमकं काय बोलतात तेही.

मग एका मंगळवारी टँकर आला नाही.
काटा लालकडे सरकू लागला.
टिमोथीनं बादली दोरीला बांधून
धक्क्याखाली सोडलीसुद्धा होती,
मी त्याचं मनगट धरलं.
"पाणीच आहे ना ते?"
आहे. पण हे पाणी
लोखंडाला आतून खातं, बाबा.
अख्खा समुद्र समोर
आणि आम्ही दोघं
घराघरातून आणलेल्या प्यायच्या बाटल्या
रेडिएटरात रिकाम्या करतोय.
जोहराबाईंनी आपली कळशी आणून ठेवली,
शिवी मात्र दिलीच.

आता दोन्ही आहेत.
बोटीवर चढवायचं काम निघालं की जुनं,
दोघांत उचलतं, रस्ताभर किरकिरतं.
शनिवारचा टूथब्रश सुटला नाही.
बाकी दिवस हे मुकं.

सकाळी, ते थंडगार असतानाच,
मी रेडिएटरचं झाकण फिरवतो.
आत पाहतो. पाणी काठोकाठ, चमकतंय.
तरी बोट बुडवतो.