अकरा नंबरची खोली

डुलूथच्या विद्यापीठात संगीत विभाग तळघरात आहे.
सरावाच्या खोल्या सतरा, पियानो एकवीस,
त्यातले सहा सांगण्यासारखे.
ते सुरात ठेवणं माझं काम. चौतीस वर्षं झाली.
हीटर सुरू झाले की लाकूड सुकतं, सूर उतरतात,
मी चढवतो. वसंतात सगळं उलट.
मुलं मला मास्तर समजत नाहीत, प्लंबरही नाही,
अधलंमधलं काहीतरी.

अकरा नंबरमध्ये आयला केट्टुनेन ओबो वाजवते.
वाजवते कमी, पत्ती तासते जास्त.
बोटभर सुरी, लाल दोरा, जिभेवर भिजवलेला वेत,
एक खरवड, एक फुंकर,
कावळा,
पुन्हा खरवड.
दहांतली एक पत्ती बोलते
आणि तीही गुरुवारपर्यंत.
बाप गोदीवर लोखंडाचा दगड बोटींत भरतो.
त्याने विचारलं होतं म्हणे,
एवढं तासून टिकत नाही, तर तासायचं कशाला?
हे तिने मला हसत सांगितलं.
हसू फार वेळ थांबलं नाही.

फेब्रुवारीत परीक्षा. तीन प्राध्यापक, पाण्याचा एक जग,
पाणी कुणी पीत नाही.
मी दाराबाहेर होतो. मुद्दाम नव्हे,
हॉलमधल्या पियानोची एक तार तुटली होती.
(बरं, तार दुपारीही बदलता आली असती.)
संथ भागात एका जागी श्वास घ्यायचा असतो.
तिने तिथे नाही घेतला,
पुढे नेला, आणखी पुढे,
किल्ली माझ्या हातात तशीच राहिली.
निकालाचा कागद: उत्तीर्ण.
खाली बारीक अक्षरांत:
वादनाच्या पदवीसाठी शिफारस करता येत नाही.

मंगळवारी ती फॉर्म घेऊन आली.
मुख्य विषय: संगीत, हे खोडलेलं.
त्यावर: दंतआरोग्य.
दुय्यम विषय: जागा कोरी.
मी म्हणालो, मेजरचं मायनर करायला लागतं काय,
तिसरा सूर तेवढा कोमल, बाकी सगळे जिथल्या तिथे.
ती म्हणाली, हा विनोद आज तिसऱ्यांदा ऐकतेय.
रजिस्ट्रारच्या बाईंनीही केला,
आणि त्यांना गाणं कशाशी खातात तेही माहीत नाही.

मी गप्प बसलो. म्हटलं, ए दे.
तिने ओबो काढला, ए दिला,
सरळ, दोऱ्यासारखा,
मी त्याला तार टेकवली.
मग पंचम लावला. तिचा कान तीक्ष्ण,
म्हणाली, हलतोय. अजून जुळला नाही.
नाहीच जुळवायचा, मी म्हणालो.
एक पंचम अगदी खरा ठेवला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा,
तर बाराव्या घरात लांडगा ओरडतो.
म्हणून प्रत्येकाला थोडं थोडं कमी द्यायचं.
म्हणजे तुम्ही रोज खोटं लावता?
रोज. विद्यापीठ त्याचा पगार देतं.

मला वाटलं होतं, यातून तिला काही मिळेल.
ती म्हणाली, ओबोला पट्ट्या बांधलेल्या नसतात.
ओबो खरा पंचम लावू शकतो.
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

तिची पेन्सिल बोथट होती.
तिने पत्तीची सुरी काढली, टोक केलं,
सालं हातात गोळा केली, खिशात टाकली,
कोऱ्या जागी लिहिलं: संगीत.
सही केली.

सप्टेंबरपासून अकरा नंबरमध्ये दिवसा
एक ट्रम्पेटवाला मुलगा असतो, ऑस्बर्ट का कोण.
दुय्यमवाल्यांना खोली रात्री नऊनंतर मिळते.
काल माझं काम साडेआठलाच संपलं होतं.
उगाच सहा नंबरच्या पेडलला तेल घातलं,
ते नीटच होतं.
बंदराकडे बोटीचा भोंगा झाला, पूल वर गेला असेल.
नऊ वाजून दहा. मी कोट घातला, टोपी घातली,
दिवे मालवायला हात नेला,
आणि जिन्याखालून
कावळा.
एक खरवड. एक फुंकर.
मी टोपी काढली.