शीर

पहिल्या आठवड्यात मी तिचा हातच हातात धरला होता.
असा. अंगठा इथे, सुई एवढी तिरकी,
कातडी ताण, श्वास सोड, आता.
झाबुआची रमीला भाबोर, एकोणीस वर्षांची,
माझ्या प्रत्येक शब्दाला मान डोलवायची
आणि कापसाचा बोळा खाली पाडायची.

इंदूरच्या मोठ्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
रात्रपाळी म्हणजे कुरकुरणारे पंखे, लोखंडी खाटा,
सराफ्यात खाऊन परतलेले नातेवाईक,
बोटांना पाक, डोळ्यांत झोप.

मग हात सोडला, शब्द ठेवले.
मग शब्दही उरले तीन: बघ. थांब. हं.

एकदा घाई केली मी.
तिला एकटीला पाठवलं मुलांच्या वॉर्डात,
बाळ तीन महिन्यांचं.
तासाभराने सापडली चादरींच्या खोलीत,
धुतलेल्या गठ्ठ्यात तोंड खुपसून.
ती चूक माझी. रजिस्टरात नाही कुठे.

त्या धास्तीनं मग मी तिच्या खांद्यामागून हललेच नाही.
ती शिकली, आणि मला कळलं नाही की ती शिकली.
जरा वर. जरा अजून.
तिची सुई थरथरे
आणि मी मनात म्हणे, कच्चीच आहे अजून.
महूचा एक म्हातारा फिटर, हात पुढे करून बसलेला,
तोच बोलला शेवटी:
"सिस्टर, आप हटो तो इनका हाथ नहीं काँपता."

हटले.
औषधांचं कपाट मोजायला घेतलं, आधीच मोजलेलं.
कान मात्र तिकडेच: ट्रॉलीचं वाकडं चाक,
रबरी पट्टा सुटल्याचा आवाज,
आणि म्हाताऱ्याचं हसणं.

काल पहाटे साडेतीनला, सात नंबरची बाई.
अंगात पाणी नाही, शिरा बुजलेल्या.
मी दोनदा टोचलं, दोनदा चुकले.
हाक मारावी की नाही
यात अर्धं मिनिट गेलं.
एकतीस वर्षांच्या नोकरीतलं सगळ्यात लांब.

रमीला आली. माझ्याकडे पाहिलं नाही.
डोळे मिटून बाईच्या मनगटावर बोटं फिरवली,
अंधारात दाराची कडी चाचपावी तशी.
थांबली एका जागी.
"दीदी, टॉर्च तुम्ही धरा."

धरला.
"जरा वर," ती म्हणाली.