कोळशाची वही

उस्कुदारच्या बंद पडलेल्या हमामात
दर मंगळवारी आम्ही कोळसा वाटायचो.
संगमरवर मुळातच गार, त्यात जानेवारी.
फेरहुंदे हानिमच्या हॅटवरचं पीस तेवढं
उबेत असल्यासारखं डोलायचं.

वही माझ्याकडे.
दोन वर्षांपूर्वी ती उजवीकडून उघडायची,
आता डावीकडून.
जुनी अक्षरं सरकारजमा झालेली,
नवी हातात बसेनात.
मी नावं लिहायचे नाही, काढायचे,
लेसचे टाके मोजत काढावेत तशी.

शायेस्ते, धोबीण. नवरा साकार्याच्या काठी राहिला.
ती आली की आपलं पोतं आमच्यासमोर उलटं करून झटकायची,
आत काही उरलं नाही हे दिसावं म्हणून.
तसं कर, असं कुणी सांगितलं नव्हतं.
नको करूस, असंही कुणी सांगितलं नाही.

त्या मंगळवारी मंडळाची छापील यादी आली.
वाच, म्हणाल्या फेरहुंदे हानिम.
मी चष्मा शोधू लागले. तो नाकावरच होता.
अक्षरं कोळशाच्या खड्यांसारखी,
सुटी सुटी,
एकमेकांचा हात न धरता उभी.

मग रांगेतून नेझिहे पुढं आली,
शायेस्तेची, बाप गेल्यावर जन्मलेली,
पायात पुरुषी बूट, कागद कोंबून घट्ट केलेले.
काळ्या नखाखाली ओळ धरून
शाळेतल्या ठणठणीत आवाजात वाचत गेली:
दिलबेर, विधवा, अर्धं पोतं.
गुल्फेम, आंधळी, अर्धं पोतं.

या हाताचं त्या हाताला कळू नये, म्हणायची माझी आई.
इथं घुमटालासुद्धा कळत होतं.

शायेस्ते, धोबीण.
स. श. सशक्त.
पुढल्या महिन्यापासून बंद.

तिनं बिनचूक वाचलं.
आणि शाबासकीसाठी
माझ्याकडे बघितलं.

मी दिली.
काय करणार होते?
मागं शायेस्ते पोत्याची घडी घालत होती,
उलगडत होती, पुन्हा घालत होती.

वसंतापर्यंत मी वाचायला शिकले,
रात्रीच्या शाळेत, नेझिहे दिवसा बसते त्याच बाकावर,
गुडघे पोटाशी घेऊन.
दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या,
बोटीचं वेळापत्रक, सगळं यायला लागलं.
ती एक ओळ मात्र नाही आली.

शायेस्ते येत राहिली. पोतं झटकत राहिली.
फेरहुंदे हानिमनी दोनदा विचारलं.
दोन्ही वेळा
मी चष्मा शोधला.