शेरा

मोरेश्वर टपके पुस्तक घेऊन आले
सात महिने उशिरा,
दुधाच्या पिशवीत गुंडाळून.
विषय : समुद्राची वाढती पातळी.
पानं फुगलेली. कडांना मीठ धरलेलं.
"उधाणाला घरात पाणी शिरलं,
हे खालच्या फळीवर होतं."

पान एकशे बारा, मुंबईचा नकाशा.
वरळीच्या टोकावर निळं फासलंय,
खाली सन : दोन हजार पन्नास.
त्या निळ्यात पेन्सिलीचा एक ठिपका,
शेजारी बारीक अक्षर :
इथं आमची बोंबलांची वलांडी.
सनावर काट मारलेली नाही,
नुसतं प्रश्नचिन्ह,
लिहिणाऱ्याचा मान राखून.

रजिस्टरात शेवटचा रकाना असतो, शेरा.
तिथे आम्ही लिहितो
पान फाटले, शाई सांडली, मुखपृष्ठ गहाळ.
मी बराच वेळ पेन धरून बसलो.
मग लिहिलं :
पहिली चाळीस पानं समुद्राने वाचली आहेत.

दंड माफ केला असता तर टपके रागावले असते.
एकवीस रुपये, सगळे सुट्टे, मोजून घेतले.
"ह्याच विषयावरचं अजून काय आहे?"
विचारत ते कपाटाकडे वळले.
आणि मी
ते ओलं पुस्तक वरच्या फळीवर ठेवायला
स्टूल शोधू लागलो.