मधली स्लाईड

खानापुरात स्टेशन रोडला माझं झेरॉक्सचं दुकान.
पाटी अर्धी कन्नड, अर्धी मराठी.
वीज दोन्ही भाषांत जाते.

सुरेखा हलगेकर आल्या पिशवीत फोटो घेऊन,
साडीच्या बॉक्सच्या पुठ्ठ्यात जपलेला:
कौलांचा कारखाना, सन अठ्ठ्याहत्तर,
भट्टीसमोर बेचाळीस माणसं
उन्हानं डोळे बारीक करून.
'पप्पांची पंचाहत्तरी आहे.
आधी अख्खा फोटो दिसू दे,
मग हळूहळू पप्पांपर्यंत जायचं.
झटका नको बगा.'

स्कॅनरची काच जुन्या बनियननं पुसली,
सहाशे डीपीआयवर फोटो उतरवला.
कमी उतरवला तर जवळ गेल्यावर
माणसाचे चौकोन होतात.
हे मी एका लग्नात शिकलोय,
नवरदेवाच्या वारलेल्या आजोबांवर.

पहिला प्रयत्न फसला.
दोनशे टक्के म्हटलं,
तर फोटो जागच्या जागी फुगला भाकरीसारखा,
अडखळला,
आणि पप्पांकडे गेलाच नाही.
यंत्राला पप्पा माहीत नसतात.
ते मधोमध जातं.

मधोमध एक बाई होती.
डोक्यावर चुंबळ, पोटाशी ओलं कौल,
शाळेत पाटी धरतात तसं धरलेलं,
फक्त त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.
बेचाळीस जणांत तीच एकटी
कॅमेऱ्याकडे बघत नव्हती.
उजवीकडे, फोटोच्या बाहेर
तिचं काहीतरी होतं.

मग दुसरी रीत.
स्लाईडची नक्कल काढायची,
नकलेतला फोटो कोपऱ्याला धरून ओढायचा,
कडा पडद्याबाहेर सांडू द्यायच्या,
खुर्चीतले पप्पा मधे येईस्तोवर सरकवायचा.
दोन स्लाईडींत मॉर्फ लावायचा.
आपण दोन टोकं सांगायची,
मधली वाट यंत्र काढतं.
एक सेकंद दिला तर धावत सुटतं,
पाच दिले तर लोक खोकायला लागतात.
तीन बरे.

तीन सेकंदांत धुराडं वर निघून जातं,
डावीकडची पोरं एकेक करून कडेबाहेर पडतात
शिफ्ट सुटल्यासारखी.
तीही सरकते.
आधी खांदा, मग चुंबळ,
सगळ्यात शेवटी कौल.

चार वेळा चालवून बघितलं. बरोबर होतं.
तरी मधे एक स्लाईड वाढवली,
तिच्यापाशी थोडं थांबणारी.
कुणी सांगितलं नव्हतं.
बिल दोन स्लाईडींचंच लावलं.

समुदाय भवनात पंखे गरगरत होते,
पहिल्या रांगेत फेटे, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या.
फोटो उलगडला, आत जायला लागला,
लोण्यातून सुरी जावी तसा.
तिच्यापाशी थांबला
आणि मागून एक म्हातारी ओरडली,
'अय्य! नम्म नागव्वा!'

तोवर पडदा पुढे गेला होता.
पप्पा आले, तिशीच्या आतले, मिशीसकट.
टाळ्या झाल्या.
'मागं घे की रं,' कुणीतरी म्हणालं.

मागे जाताना मॉर्फ चालत नाही.
बटण दाबलं की झटक्यानं जावं लागतं.
गेलो.

व्यासपीठावरचे हलगेकर उठले,
शाल सावरत पडद्याला नाक लागेल इतके जवळ गेले.
तिच्या गालावर त्यांची सावली पडली.
'ही काय बगालती तिकडं?
जरा उजवीकडं सरकव.'
सरकवलं.
पुढे नुसती पांढरी कड,
आणि सुरेखाबाईंच्या पुठ्ठ्याचा हिरवा रंग
एका रेघेइतका.

'लॉरी यालती, लोंढ्याची,' एक जण म्हणाला.
'लॉरी नाही, जेवणाची घंटा झालती.'
'अल्ला, अल्ला,' म्हातारी मागून म्हणाली,
नाही, नाही,
आणि पुढचं कन्नड मला पंख्यात ऐकू आलं नाही.

दोन्ही भाषांत वाद चढत गेला.
केक तसाच राहिला.
मी स्लाईड हलवली नाही,
इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला तरी.